ॲबर्डीनशायरच्या गढ्या आणि शेतांचे बांध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये स्कॉटलंडवरचे लेख येऊ लागतात. साचा ठरलेला असतो. एडिंबराचा किल्ला, लॉक नेसमधली बोटीची फेरी, व्हिस्कीची भट्टी आणि शेवटी ‘इथे कुणाच्याही शेतातून खुशाल फिरा, तसा कायदाच आहे’ असं एक वाक्य. हे वाक्य अर्धवट आहे. त्याच्या भरवशावर कुणी उभ्या पिकात उतरला, तर कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा असतो, फिरणाऱ्याच्या नव्हे.

दुसरी तक्रार किल्ल्यांबद्दल. लेखांतून ते असे दाखवले जातात की जणू पोस्टकार्डासाठीच बांधले होते. ईशान्येकडच्या ॲबर्डीनशायरमध्ये लहानमोठे, नांदते आणि पडके मिळून अडीचशेहून जास्त ‘कासल’ आहेत. त्यांतले बहुसंख्य लढाऊ दुर्ग नाहीत. राजगड-रायगड डोळ्यांसमोर ठेवून गेलेला माणूस तिथे हिरमुसतो, कारण या आहेत जमीनदारांच्या गढ्या. कुळांकडून खंड यायचा, त्यावर गढी चालायची. म्हणून ती पाहताना आजूबाजूची जमीनही पाहावी लागते, आणि जमीन पाहायची तर तिथे कसं चालायचं, कधी जायचं, कुठे थांबायचं हे आधी माहीत हवं.

सुरुवात क्रेगिव्हारपासून करावी. ॲबर्डीनपासून पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर, ॲल्फर्ड गावाच्या दक्षिणेला, ए 980 रस्त्यालगत ही फिकट गुलाबी गढी आहे. विल्यम फोर्ब्स या व्यापाऱ्याने 1610 साली ही अर्धवट बांधलेली वास्तू विकत घेतली आणि 1626 मध्ये पुरी केली. बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारात तो गबर झाला होता. लोक त्याला ‘डान्झिग विली’ म्हणत, डान्झिग हे बाल्टिकवरचं बंदर. तळाशी लदावाच्या, म्हणजे कमानदार दगडी छताची कोठारं आणि मुदपाकखाना, वर दिवाणखाना, त्याच्या वर निजायच्या खोल्या, आणि सगळ्यात वर एक लांब दालन, अशी उभी रचना. जमिनीलगत भिंत जवळजवळ कोरी. बुरूज, कंगोरे, टोकदार छपरं सगळी माथ्याला. कारण साधं आहे: दगडफोडीला पैसे लागतात, आणि खालच्या भिंतीत खिडकी ठेवली तर रात्री कोण येईल सांगता येत नाही. दरवाजाच्या आत लोखंडी गजांचं जाळीचं दार आहे. ते दिसलं की थांबून गजांचं विणकाम पाहावं. अर्ध्या भागात उभे गज आडव्यांच्या आरपार गेलेले असतात आणि उरलेल्या अर्ध्यात आडवे उभ्यांच्या. त्यामुळे एका बाजूने ठोकून जाळी उसवता येत नाही. स्कॉटलंडच्या लोहारांची ही खास पद्धत.

वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे मुद्दामच बसवलेले नाहीत. ढगाळ दिवशी दुपारी चारनंतर गेलात तर छतावरचं चुन्याचं नक्षीकाम अंधारातच राहतं. सकाळची वेळ घ्यावी. आत फक्त मार्गदर्शकासोबत, छोट्या गटाने सोडतात, आणि जिना गोल व अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच पाहावं. बाहेरून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. चक्री जिने उजवीकडे वळतात ते उजव्या हाताच्या तलवारबाजासाठी, असं पर्यटकांना हमखास सांगितलं जातं. त्याला धड पुरावा नाही, डावीकडे वळणारे जिनेही सापडतात. गोष्ट ऐकावी आणि पुढे जावं.

गुलाबी रंगाचीही कथा आहे, आणि ती आपल्याकडच्या जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांनी ऐकण्यासारखी. या भागातला दगड ग्रॅनाइट. घडवायला महाकठीण, म्हणून भिंती ओबडधोबड दगडांच्या, आणि त्यांवर चुना, वाळू व बारीक खडी यांचा गिलावा थापीने फेकून चढवलेला. प्रमाण साधारण एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू-खडी. त्यावर पातळ चुनकळीचे चार-पाच हात. असा गिलावा पाणी पितो आणि वारा लागला की सोडून देतो. विसाव्या शतकात क्रेगिव्हारवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. सिमेंटला बारीक तडे जातात, तड्यातून पाऊस आत शिरतो आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. भिंती आतून ओल धरू लागल्या. अखेर 2007 ते 2009 या काळात सगळं सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, तेव्हा गढीला आजचा गुलाबी रंग मिळाला. पुढे चुनकळीचे नवे हात देण्यासाठी ती पुन्हा बंद ठेवावी लागली आणि 2024 साली उघडली. चुन्याचं काम गोठणाऱ्या थंडीत करता येत नाही, पारा पाच अंशांच्या वर हवा. म्हणून परांची नेमकी पर्यटनाच्या हंगामात उभी राहते. फोटो बिघडला म्हणून तिकीटखिडकीवर वाद घालू नये. त्यांच्याकडे दुसरा हंगामच नसतो.

इथेच एक व्यावहारिक सूचना. या वास्तूंचे मालक तीन प्रकारचे आहेत. छप्पर असलेल्या, सामानसुमानासह जपलेल्या बऱ्याच गढ्या ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’कडे आहेत: क्रेगिव्हार, क्रॅथिस, ड्रम, फायवी, कासल फ्रेझर. पडक्या वास्तूंपैकी बऱ्याचशा सरकारी ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’कडे: टोलकोन, हंटली, किल्ड्रमी. उरलेल्या खासगी, त्यांत डनॉटर सगळ्यात नावाजलेला. एका संस्थेचा पास दुसरीकडे चालत नाही, आणि ‘स्कॉटलंडचा पास’ म्हणून घेतलेलं कार्ड दारात नाकारलं जातं ते यामुळेच. आधी कुठे जायचं ते ठरवा, मग पास घ्या. ॲबर्डीनशायरसाठी बहुधा ट्रस्टचं सभासदत्व सोयीचं पडतं. सरकारी संस्थेने 2021-22 पासून उंचावरच्या दगडकामाची तपासणी हाती घेतली, कारण चुन्याचे सांधे झिजून दगड सुटायची भीती होती. तेव्हा डझनावारी ठिकाणी प्रवेश बंद किंवा मर्यादित करावा लागला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या विशिष्ट वास्तूचं पान उघडून पाहावं. गूगल नकाशावरची ‘उघडे आहे’ ही पाटी धरून चालू नये.

सगळ्यांत शेतीशी जवळचं नातं दाखवणारी जागा म्हणजे टोलकोन. ॲबर्डीनच्या उत्तरेला पिटमेडन गावाजवळ, चारी बाजूंनी बार्लीची शेतं आणि कुरणं. दरवाजापाशी दोन बुटके गोल बुरूज, त्यांत तीन-तीन तोंडांच्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेली भोकं. या जंग्या लढाईपेक्षा रुबाबासाठी जास्त. दारालगतच्या शिलालेखात मालकाने हिशेब चोख लिहून ठेवला आहे: जुना बुरूज सोडून हे सगळं काम विल्यम फोर्ब्सने 15 एप्रिल 1584 रोजी सुरू केलं आणि 20 ऑक्टोबर 1589 रोजी संपवलं. (क्रेगिव्हारचा फोर्ब्स वेगळा, या भागात दर दुसरा जमीनदार फोर्ब्स, गॉर्डन नाहीतर फ्रेझर असतो, घोळ होणारच.) बाहेरच्या आवारात भिंतीत कोनाडे आहेत. ते देवड्या नव्हेत, मधमाश्या पाळायच्या गवती टोपल्या पावसापासून वाचवण्यासाठी ठेवलेल्या जागा आहेत. आत मुदपाकखान्यातली चूल पाहा, मग तळघरातली कोठारं, मग वरचा दिवाणखाना. धान्य कुठून आत यायचं, कुठे साठायचं, कुठे शिजायचं आणि कोण खायचं, हे एका फेरीत कळतं.

टोलकोनहून पिटमेडनची बाग काही मिनिटांवर आहे. लोक तिथे कातरलेल्या झुडपांची नक्षी बघायला जातात आणि शेजारचं शेतीजीवनाचं संग्रहालय सोडून देतात. तसं करू नये. नांगर, कोळपी, मळणीची यंत्रं आणि गड्यांच्या निजायच्या खोल्या तिथे पाहायला मिळतात. एकोणिसाव्या शतकात या भागातले शेतगडी सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला लागत, आणि ओटचं पीठ व दूध हा मजुरीचाच भाग असे. हे पाहिल्यावर गढीच्या दिवाणखान्यातलं चांदीचं ताट जरा वेगळं दिसतं.

आता नकाशा. मोबाइलवर भिस्त ठेवू नये, टेकड्यांच्या खोबणीत रेंज जाते. ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे लँडरेंजर नकाशे 37, 38 आणि 45 एवढे घेतले की या पत्रातला जवळजवळ सगळा भाग त्यांत येतो. पुरातन वास्तूंची नावं त्यावर जुन्या वळणदार, गॉथिक अक्षरांत छापलेली असतात. गढीच्या आसपास ‘मेन्स ऑफ’ अमुक असं नाव शोधा: ती मालकाची खुद्द कसणुकीची जमीन. ‘मिल ऑफ’ किंवा ‘मिल्टन’ म्हणजे गिरणी. कुळांनी आपलं धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि दळणातला वाटा तिथे सोडायचा, अशी सक्ती असे. ड्रमच्या गढीजवळचं मेन्स ऑफ ड्रम आता रोपवाटिका आणि उपाहारगृह झालं आहे. क्रॅथिसजवळच्या मिल्टनमध्ये दुकानं आणि एक छोटी जुनी रेल्वे आहे. पण नावं राहिली आहेत, आणि त्यावरून गढीची अर्थव्यवस्था नकाशावरच उलगडते.

कबुतरखानेही असेच. शेताच्या मधोमध खिडकी नसलेली, उतरत्या छपराची दगडी खोली दिसली की ती कोठी समजून पुढे जाऊ नका. छपराचा उतार बहुधा दक्षिणेकडे, म्हणजे पाखरांना ऊन. आणि उंच भिंत उत्तरेला, म्हणजे वारा अडतो. बाहेरून भिंतीला एक दगडी कंगोरा फिरवलेला असतो, तो उंदरांना चढू न देण्यासाठी. आत शेकडो कोनाडे. हिवाळ्यात ताजं मांस मिळायचं ते इथून. पाखरं मात्र चरायची कुळांच्या शेतात. ही तक्रार इतकी वाढली की 1617 सालच्या कायद्याने कबुतरखाना बांधण्यावर बंधन आलं: आसपास दोन मैलांत दहा चाल्डर (धान्याचं जुनं माप) धान्याचा खंड देणारी जमीन असेल त्यालाच बांधायची मुभा. थोडक्यात, पाखरांनी खायचं तर मालकाच्याच जमिनीतलं खावं.

शेतांच्या कडेचे दगडी बांध कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येतील. हे गडगेच, चुना-मातीशिवाय रचलेले. दोन अंगांनी दोन भिंती, वर जाताना आत झुकणाऱ्या, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक अंतरावर दोन्ही अंगांना बांधणारा आडवा लांब दगड आणि माथ्यावर उभे लावलेले जड दगड. माथ्याच्या दगडांच्या वजनावर सगळं तोललेलं असतं. वरून चढून गेलात, एक दगड निखळला, की पुढच्या पावसाळी हिवाळ्यात तिथून दोन-तीन मीटर बांध ढासळतो आणि मेंढ्या शेजाऱ्याच्या बार्लीत. त्यामुळे गडग्यावर चढायचं नाही, बसायचंही नाही. ॲबर्डीनच्या पश्चिमेला किंग्जवेल्स इथे एक गडगा दहा मीटरच्या आसपास रुंद आहे, वरून माणसं आरामात चालत जातात. तो बांध म्हणून बांधलेला नाही. एकोणिसाव्या शतकात शेतं साफ करताना निघालेले दगड टाकायचे कुठे, हा प्रश्न होता, म्हणून ते असे रचून संपवले. आज जी गुळगुळीत हिरवी शेतं दिसतात ती कशातून काढली, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

आता कायदा, कारण याच मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. 2003 च्या स्कॉटिश भूसुधारणा कायद्याने, जो या बाबतीत 2005 पासून लागू झाला, जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला. चालणं, सायकल, घोडा, तंबू ठोकून दोन-तीन रात्री राहणं हे सगळं त्यात येतं. परदेशी पाहुण्यालाही तो हक्क आहे, कुणाची परवानगी काढावी लागत नाही. पण पुढच्या गोष्टी त्यात येत नाहीत.

पेरलेलं किंवा उभं पीक असलेली जमीन वगळलेली आहे. शेताची कड, वळणाची न पेरलेली पट्टी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या यांवरून, पिकाला धक्का न लावता, जाता येतं. बार्ली मार्च-एप्रिलमध्ये पेरतात. त्या दिवसांत शेत रिकामं वाटतं, पण कोंब जमिनीखाली असतो. गवताचं शेत म्हणजे कुरण असेल तर चाला, पण मुरघासासाठी (आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी) राखलेलं गवत गुडघ्याला लागायच्या बेतात आलं असेल तर तेही पीकच समजा. आडवं पडलेलं गवत यंत्राला नीट कापता येत नाही, आणि त्यात मिसळलेली माती किंवा कचरा मुरघास बिघडवतो. घराभोवतीची, त्या कुटुंबाच्या खासगीपणाला पुरेल एवढी जागाही वगळलेली आहे. किती मीटर, हे कायदा सांगत नाही. खिडकीतून आतली माणसं दिसू लागली की तुम्ही फार जवळ आला आहात. इमारतींच्या आत शिरण्याचा हक्क नाही, मग ती पडकी गढी असली तरी. गोठ्यांच्या अंगणातून आखलेली वाट जात असेल तर तिथूनच जा, नसेल तर वळसा घाला किंवा विचारा. आणि मोटार, मोटारसायकल यांना हा हक्क मुळीच नाही. शेतवाटेच्या तोंडाशी, फाटकासमोर गाडी लावून तासभर फिरायला जाणं हा पर्यटकांचा सगळ्यात सामान्य गुन्हा आहे. ऑगस्टमध्ये कापणीयंत्र त्याच फाटकातून यायचं असतं.

फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडंच. कदाचित गुरांना पाण्याकडे जायची तीच वाट असेल. चढूनच जायची वेळ आली तर बिजागरीच्या बाजूने चढा, कडीच्या बाजूने चढलं की फाटक लोंबतं. तिथे स्थायिक असलेल्या नातेवाइकांचा कुत्रा बरोबर असेल, तर कोकरं किंवा वासरं असलेल्या शेतात त्याला नेऊच नका. कुत्र्याने जनावरांना त्रास दिला तर 2021 च्या कायद्याप्रमाणे दंड 40,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

ॲबर्डीन-अँगस ही काळी, बिनशिंगी गुरं याच मुलखातली. क्रेगिव्हारच्या जवळच्या टिलीफोर इथल्या विल्यम मॅकोम्बी याने एकोणिसाव्या शतकात ही जात घडवण्यात मोठा वाटा उचलला, आणि ॲल्फर्डमध्ये या बैलाचा पुतळाही आहे. दिसायला शांत असली तरी वासरू पायाशी असलेली गाय वेगळीच असते. आपल्याकडे गाईच्या पाठीवर हात फिरवायची सवय असते, ती तिथे आवरावी. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, कळप जवळ येऊ लागला तर पळू नये. हळू, कडेने, बाहेर पडावं. खताच्या टाक्यांपाशी मुलांना मोकळं सोडू नका. साठवलेल्या स्लरीवर, म्हणजे शेणमुताच्या पातळ खतावर, वाळकी साय धरते, ती जमिनीसारखी दिसते आणि माणसाचं वजन पेलत नाही. गोचिडांचाही बंदोबस्त हवा. नेचे आणि उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, केसांच्या कडेला पाहावं. गोचीड असलाच तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या आकड्याने सरळ ओढून काढावा, तेल किंवा काडी लावू नये. लाइम आजार त्यांच्यातून पसरतो. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लालसर कडं पसरू लागलं तर डॉक्टर गाठावा.

गाडीविषयी. भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि वाहतूक डावीकडूनच आहे, त्यामुळे आत्मविश्वास लवकर येतो. तो एकेरी रस्त्यांवर उतरतो. एका गाडीपुरत्या रुंदीच्या या रस्त्यांना मधूनमधून गाडी बाजूला घेण्यापुरते रुंद फुगवटे असतात. समोरून गाडी आली आणि फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरा. उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर, आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्यात वळून जाईल. मागून घाईत असलेल्या स्थानिकाला पुढे जाऊ द्यायलाही फुगवटे वापरायचे. फोटोसाठी तिथे गाडी उभी करायची नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत असतात. डंडी ते स्टोनहेवन या ए 90 वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तेव्हा कॅमेऱ्यापुरता वेग कमी करून उपयोग नाही. मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक, 100 मिलिलीटर रक्तात 50 मिलिग्रॅम. भट्टी पाहायची असेल तर चालकाने आपला घोट छोट्या बाटलीत बांधून मागावा. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते.

गाडी नको असेल तर डी नदीच्या खोऱ्यातली 201 क्रमांकाची बस ॲबर्डीनहून ब्रेमारला जाते आणि ड्रम, क्रॅथिस या दोन्ही गढ्यांच्या जवळून जाते. ड्रमचा चौकोनी मनोरा तेराव्या शतकातला, देशातल्या सर्वांत जुन्या मनोऱ्यांपैकी एक. 1323 साली स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने ही जमीन अर्व्हिन घराण्याला दिली, आणि 1975 पर्यंत ती त्यांच्याकडेच होती. 1323 सालीच बर्नेट घराण्याला जवळच जमीन मिळाली, त्यांची गढी म्हणजे क्रॅथिस. तिथल्या लाकडी तुळयांवर आणि छतावर साधारण 1600 च्या सुमाराची रंगीत चित्रं आहेत. छतं ठेंगणी आहेत, मान फार वर करावी लागत नाही. जिन्यात एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची ठेवली आहे, अंधारात चढणारा परका अडखळावा म्हणून. बाहेरच्या बागेतली यू झाडांची कुंपणं 1702 पासूनची.

फायवीला वेळ असेल तरच जा. पाच मनोरे पाच घराण्यांच्या नावांचे आणि जिना चांगला ऐसपैस, पण आतली सजावट बरीच नंतरची आणि अमेरिकेत पोलादात कमावलेल्या पैशांची.

डनॉटर मात्र वेगळा. तो शेतातला नाही, समुद्रातल्या कड्यावरचा खरा दुर्ग. स्टोनहेवनहून कड्याच्या माथ्याने सुमारे तीन किलोमीटरची पायवाट आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला थेट काठापर्यंत नांगरलेली शेतं. किल्ल्यात शिरायला दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, आणि जोराचा वारा असेल तर दरवाजा उघडतच नाहीत. 1651-52 मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने वेढा घातला तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट इथे होता. तो चोरून बाहेर काढला आणि किनेफच्या चर्चमध्ये पुरून ठेवला. ते चर्च दक्षिणेला थोड्याच अंतरावर, शेतांच्या मधोमध आहे, आणि बसगाड्या तिथे थांबत नाहीत.

कधी जावं? बऱ्याच गढ्या एप्रिल ते ऑक्टोबरच उघड्या असतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो. मे अखेर ते जून उत्तम: दिवस अठरा तासांच्या आसपास, बार्ली हिरवी, गुरं बाहेर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापणी दिसते, पण रस्त्यावर ट्रॅक्टरमागे रांगावं लागतं. एका दिवसात दोनपेक्षा जास्त गढ्या घेऊ नयेत. तिसऱ्या गढीत शिरेपर्यंत पहिल्या दोन एकमेकींत मिसळतात, आणि कबुतरखाने, गडगे, गिरण्या यांच्यासाठी वेळच उरत नाही. ॲल्फर्ड, इन्व्हरुरी किंवा बँकरी यांपैकी एका गावात मुक्काम ठेवून तिथूनच फिरावं. इन्व्हरुरीजवळ ईस्टर ॲकहॉर्थीजचं चार हजार वर्षांहून जुनं दगडांचं वर्तुळ आहे, तेही शेताच्या मधोमध. याच भागात लिओकेल-कुश्नी इथे असंच एक ‘प्राचीन’ वर्तुळ सापडल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं होतं. नंतर कळलं की तिथल्या आधीच्या शेतकऱ्याने ते 1990 च्या दशकात हौसेने रचलं होतं.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांसाठी चार गोष्टी. गढ्यांच्या चहाघरात मसुरीचं सूप नेहमी असतं, पण पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या हाडाच्या रश्शात शिजवतात, विचारून घ्या. ॲबर्डीनचा ‘रोवी’ नावाचा खारट, पापुद्र्यांचा पाव मूळचा डुकराच्या चरबीत बनतो. ओटच्या पिठाची परतलेली ‘स्कर्ली’ आणि वाफवलेली ‘क्लूटी डंपलिंग’ यांतही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. ओटकेक, स्कोन आणि शाकाहारी हॅगिस यांवर चांगलं निभावतं. चहाघरं दुपारी चारच्या सुमारास आवरायला लागतात, नंतर खेड्यात काही मिळेलच असं नाही. आणि भारतातून येताना पेढे, खवा, तूप, श्रीखंडाच्या वड्या बॅगेत घालू नयेत: दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. 2001 च्या लाळ्या-खुरकूत साथीत तिथे लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हापासून या बाबतीत कुणी हसण्यावारी नेत नाही. गावी गोठ्यात वापरलेले बूटही तसेच बॅगेत टाकू नका, घासून धुऊन आणा.

सहल कंपन्यांनाही आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती. स्कॉटलंडच्या सहा-सात दिवसांतला लॉक नेसचा एक दिवस ॲबर्डीनशायरला द्यावा, मोठ्या बसऐवजी सोळा आसनी गाडी घ्यावी आणि क्रेगिव्हारच्या गटांची वेळ आधी कळवून ठेवावी. गुडघे दुखणाऱ्यांची सोय पिटमेडनच्या संग्रहालयात आणि क्रॅथिसच्या बागेत चांगली होते.

आपले,
ॲबर्डीनमधील काही मराठी वाचक